टपावर किती किलो? आधी आकडा सांगा!



सीसीआयच्या केंद्रावर कापसाची गाडी लागली की पहिले काम काय होते? ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसले जाते. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तर पुरा भाव, त्याच्या वर गेला तर टक्क्याटक्क्याला कात्री, आणि १२ टक्क्यांच्या पुढे गेला तर गाडी फिरवा माघारी. त्या यंत्राला आमचा विरोध नाही. माल मोजूनच घेतला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की जो न्याय आमच्या कापसाला लावता तोच आम्हाला विकल्या जाणाऱ्या लोखंडालाही लावा.

तालुक्याच्या गावी जीप-गाड्यांचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात जा. टपावर बसवायचे कॅरिअर दाखवा म्हणा. दहा नमुने पुढे येतील. काळे, चंदेरी, पुढे चार दिवे लावलेले, मागे शिडी असलेले. मग विचारा, "यावर किती किलो ठेवायचे?" उत्तर येते, "भाऊ, बिनधास्त ठेवा. चार माणसे नाचली तरी काही होत नाही." किलोच्या प्रश्नाला माणसांत उत्तर! पाइप किती जाड? "हेवी आहे." कॅरिअरचे स्वतःचे वजन किती? "एकदम दणकट आहे." ही विशेषणे झाली, आकडे नव्हेत. उद्या आम्ही अडत्याला म्हटले, "शेठ, कापूस मोजू नका, लय भारी आहे," तर तो पट्टी लिहून देईल काय?

कोणी म्हणेल, कापसाच्या भावाचे काय, विजेचे काय, कर्जाचे काय, ते सोडून हे कॅरिअरचे काय घेऊन बसलात? बसलो आहोत, कारण त्या कॅरिअरच्या खाली आपली बायकापोरे बसलेली असतात. आणि त्याच्यावर जे लादलेले असते ते आपले वर्षभराचे पीक किंवा पुढच्या वर्षाचे बी असते.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी जीप येते ती मिरवायला येत नाही. गावातल्या दहा घरांत मिळून एक गाडी असते. सुमो असो, बोलेरो असो, ट्रॅक्स असो, नाहीतर तिसऱ्या हाताने घेतलेली कमांडर. सुमो बनणे २०१९ साली बंद झाले, पण आपल्याकडे गाडी बंद होत नाही, ती फक्त जुनी होते. (सुमो हे नाव जपानी पैलवानावरून आले असे पोरे समजतात. ते सुमंत मुळगावकरांच्या नावातले 'सु' आणि 'मो'. असो.) मृगाच्या आधी टपावर डीएपी आणि युरियाची पोती चढतात. मग फवारणीचे पंप, औषधांचे खोके, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, जळालेली मोटर. दिवाळीच्या पुढेमागे वेचलेल्या कापसाची गाठोडी. ज्वारी निघाली की कडब्याच्या पेंढ्या, पार विजेच्या तारेला लागेपर्यंत.

एके काळी यातले बरेच ओझे एसटी वाहायची. जुन्या लाल गाडीला मागे शिडी आणि वर टप होता. पोते खांद्यावर घेऊन माणूस शिडी चढायचा, वाहक लगेजची पावती फाडायचा. नव्या गाड्या आल्या, शिडी गेली, टप गेला. पोते मात्र कुठे गेले नाही. ते जीपच्या डोक्यावर आले.

पुस्तिकेतला आकडा

गाडीबरोबर कंपनी एक पुस्तिका देते. ती बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच निघत नाही, आणि निघाली तरी इंग्रजीत असते. पण ती काढा, आणि शाळेतल्या पोराला वाचायला लावा. टपावर किती भार चालेल याचा आकडा अनेक कंपन्या तिच्यात छापतात. पुष्कळशा गाड्यांसाठी तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो. सुझुकीच्या छोट्या जिम्नीला तो अवघा ३० किलो दिला आहे. लँड रोव्हरची नवी डिफेंडर, जिची किंमत ऐकून आपल्याला घेरी येईल, तिच्या टपाला चालत्या गाडीत १६८ किलो आणि उभ्या गाडीत ३०० किलो.

चालती गाडी आणि उभी गाडी, यातला फरक नीट ध्यानात घ्या. दुकानदार म्हणतो चार माणसे नाचली तरी काही होत नाही, तेव्हा तो उभ्या गाडीबद्दल बोलतो. उभ्या गाडीला खड्डा लागत नाही, तिला ब्रेक मारावा लागत नाही, समोर अचानक म्हैस येत नाही. आपले पोते मात्र चालत्या गाडीवरून जाते. म्हणजे दुकानदाराचे बोलणे खोटे नाही, ते नुसते निरुपयोगी आहे.

आता खरी मेख. पुस्तिकेतला आकडा हा कॅरिअरसकटचा असतो. कॅरिअर, त्यावर ठोकलेली फळी, दिवे, दोर, ताडपत्री, सगळे धरून. हिशेब मांडू. सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असे कॅरिअर धरा. खालची चौकट, वरचा कठडा, पाच आडव्या पट्ट्या आणि मधले खुंट मिळून २१-२२ मीटर पाइप लागतो. एक इंची चौकोनी पाइप, १४ गेजचा म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाडीचा, मीटरला जवळपास १.४ किलो भरतो. झाले ३० किलो. पुस्तिकेत ७५ लिहिले असेल तर उरले ४५. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. म्हणजे त्या दणकट कॅरिअरवर हिशेबाने युरियाचे एक पोते बसते. एक! दुसरे चढवले की आपण कंपनीच्या आकड्याच्या बाहेर गेलो.

हा हिशेबसुद्धा डांबरी रस्त्याचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये डार्लिंग डाउन्स नावाचा काळ्या मातीचा मुलूख आहे. तिथले शेतकरी आपल्यासारखेच कापूस आणि ज्वारी पिकवतात. त्या देशातली कॅरिअर बनवणारी ऱ्हायनो-रॅक नावाची कंपनी आपल्या गिऱ्हाइकाला सांगते की कच्च्या रस्त्याने जाणार असाल तर भाराच्या आकड्याला दीडने भागा. ७५ ला दीडने भागले की ५०. त्यातून कॅरिअरचे ३० गेले. उरले २० किलो. आता आपल्या पांदण रस्त्याला दीडने भागायचे की तीनने, ते ज्याचे त्याने ठरवावे.

"पण आम्ही तर दोनशे किलो नेतो, काही झाले नाही." हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते, आणि ते खरेही आहे. रोज काही होत नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर, असे करत राहिले की विसाव्या वेळी हातात दोन तुकडे येतात. कॅरिअरचा जोड, पन्हळीची कड, टपाखालची कमान यांचे असेच होते. तडा आधी केसाएवढा पडतो, रंगाखाली लपलेला असतो. ज्या दिवशी तुटते त्या दिवशी वजन नेहमीपेक्षा कमीही असू शकते.

आणखी एक भ्रम ठरवून विकला जातो. "बोलेरोची चेसिस ट्रकसारखी आहे हो, टपावर काहीही लादा." चेसिस ट्रकसारखी आहे, मान्य. पण टप चेसिसवर बसलेला नाही. टपाचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याचे वजन खिडक्यांमधले खांब पेलतात, खांब बॉडीवर उभे आहेत, आणि बॉडी रबराच्या ठोकळ्यांवरून चेसिसला बोल्टने जोडलेली आहे. पाया दगडी आहे म्हणून कुडाच्या भिंतीवर माळा टाकता येत नाही, हे घर बांधणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये.

गाडी उलार का होते

बंडी भरणारा म्हातारा शाळेत गेलेला नसेल, पण ओझे कुठे ठेवायचे हे त्याला कळत होते. मागे जास्त झाले की बंडी उलार होते आणि बैलाच्या गळ्याला फास लागतो, पुढे जास्त झाले की जुवाखाली बैलाची मान सोलते. जीपला बैल नाहीत, म्हणून ओरडणारे कोणी नाही. ती गुपचूप चालते आणि एका वळणावर आडवी होते.

कारण साधे आहे. हिशेबासाठी धरू की गाडी १,६०० किलोची आहे आणि तिच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. टपावर २०० किलो ठेवले, म्हणजे जमिनीपासून दोन मीटरवर. सगळ्याचा मिळून मध्य आता ८४ सेंटिमीटरच्या वर गेला. वजन आठव्या हिश्श्याने वाढले, मध्य मात्र पाचव्या हिश्श्याने वर चढला. वळणावर उलटण्याविरुद्धची गाडीची ताकद त्यामुळे साधारण सहाव्या हिश्श्याने घटते. आणि हे सगळे स्प्रिंगा जागेवर आहेत असे धरून. प्रत्यक्षात वळणावर स्प्रिंग एका बाजूला दबते, गाडी कलते, वरचे ओझे आणखी बाहेर ओढते. बांधावरून शेतात उतरताना, नाल्याच्या तिरक्या उतारावर, पावसात काळी माती निसटू लागली की हा सहावा हिस्साच कमी पडतो.

तेच २०० किलो गाडीच्या आत, पायाखाली ठेवले असते तर मध्य उलट खाली आला असता. म्हणून नियम एकच ठेवा: जड ते आत, हलके ते वर. खताचे पोते आत, रिकामे पंप वर. आतली माणसे कमी करावी लागतील? लागतील. दोन खेपा कराव्या लागतील? लागतील. डिझेलचा भाव आम्हालाही माहीत आहे.

हलके म्हणजे मात्र निरुपद्रवी नव्हे. कापसाचे गाठोडे आणि कडबा हलका खरा, पण आकाराने दांडगा. वाऱ्याला तो शिडासारखा सापडतो. कापूस वाटेत भिजला तर टपावरचे वजन वाढते ते वेगळे, आणि केंद्रावर ओलाव्याचे यंत्र वाट पाहतच असते. वाऱ्याची किंमत रिकाम्या कॅरिअरलाही मोजावी लागते. टपावरच्या मोठ्या बोथट खोक्यामुळे हमरस्त्यावर इंधनाची सरासरी ६ ते १७ टक्क्यांनी उतरते, असा अमेरिकी सरकारचा आकडा आहे. मोसम संपला की कॅरिअर उतरवून गोठ्यात ठेवावे. ते वर्षभर वर राहते ते केवळ गाडी दांडगी दिसावी म्हणून. तो रुबाब डिझेलच्या भावाने विकत घेतलेला आहे.

घ्यायचे, बनवायचे तर असे

आता कामाचे बोलू. कॅरिअर नकोच, असे आम्ही म्हणत नाही. जो म्हणेल त्याने पाच कोसांवरून स्वतः पोते आणून दाखवावे.

कॅरिअर निवडताना आधी त्याचे पाय पाहा, कठडा नंतर. जुन्या धाटणीच्या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असते, मिस्त्री तिला गटर म्हणतात. पाय त्या पन्हळीत बसले पाहिजेत आणि शक्य तितके खिडक्यांमधल्या खांबांच्या डोक्यावर आले पाहिजेत. चार पायांचे कॅरिअर घेऊ नका. सहा तरी हवेत, लांब टपाला आठ. पन्हळ पकडणारी पकड चांगली चार बोटे रुंद हवी. अरुंद पकड पन्हळ सुरीसारखी कापते. पन्हळ गंजलेली असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. कुजलेल्या कडेला नवे कॅरिअर लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या आढ्याला पाळणा टांगणे.

नव्या गाड्यांना पन्हळ नसते. त्यांच्या टपावर दोन चकचकीत पट्ट्या दिसतात. त्यातल्या कितीतरी नुसत्या शोभेच्या, चिमट्यावर बसवलेल्या असतात. पुस्तिकेत त्यांचा भार लिहिलेला नसेल तर त्यांना दोरसुद्धा बांधू नका.

दुकानात चुंबक आणि फूटपट्टी घेऊन जा. पाइपचे उघडे टोक शोधा आणि जाडी मोजा. १४ गेज सांगून १८ गेज विकला जातो. तो सव्वा मिलिमीटरही भरत नाही, आणि रंगाखाली डोळ्यांना फरक कळत नाही. हलका पाइप वाईटच असतो असे नाही. हलके कॅरिअर म्हणजे पोत्याला जास्त वाव. पण मग पाय जास्त हवेत आणि जोड चांगले हवेत. पैसे १८ गेजचे घ्या, १४ चे नाव सांगू नका, एवढेच दुकानदाराला आमचे सांगणे आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वजनाचे असते आणि गंजत नाही, हे खरे. पण त्याचे वेल्डिंग वेगळे, ते तालुक्याच्या मिस्त्रीकडे बहुधा होत नाही, आणि झाले तरी जोडाजवळ त्याची ताकद बरीच उतरते. घ्यायचेच तर बोल्टने जोडलेले घ्या.

कठडा वीतभराहून उंच नको. कठडा उंच असला की मोहही उंच होतो. कॅरिअरची लांबीही टपाएवढीच ठेवा. बॉनेटवर झुकणारे छज्जे फक्त दिवे लावायला उपयोगी. ओझे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेवर यावे.

असलेले कॅरिअर बळकट करायचे असेल तर मिस्त्री पहिल्यांदा आणखी एक जाड पाइप जोडायला निघेल. त्याला थांबवा. जाड पाइपाने वजन वाढते, दुखणे तसेच राहते. दुखणे बहुधा असे असते की चौकटीचा चौकोन ब्रेक मारला की तिरका होतो. खाटेच्या चार पायांचे होते तसे. त्यावर उपाय जाडी नव्हे, तिरकी पट्टी. खालच्या चौकटीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन पातळ पट्ट्या फुलीसारख्या लावा. पाय आणि चौकट जिथे मिळतात त्या कोनात हाताच्या तळव्याच्या निम्म्याएवढी त्रिकोणी पट्टी भरा. दोन-तीन किलो लोखंडात जे होते ते दहा किलोंच्या पाइपाने होत नाही.

वेल्डिंग सलग हवे, नुसते टाके नकोत. ग्राइंडर मारून आरशासारखा केलेला जोड पाहून खूश होऊ नका, कारण घासताना जोडातलाच माल निघून जातो. पाइपांची तोंडे बुजवा, पण सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक ठेवा. आत शिरलेले पाणी बाहेर न गेल्यास पाइप आतून कुजतो आणि बाहेर रंग तसाच नवा दिसतो. पाय आणि पन्हळ यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचे रबर घाला. नट साधे नकोत, नायलॉनची कडी असलेले घ्या, नाहीतर दुहेरी नट लावा. बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर गाडी चालवा आणि सगळे नट पुन्हा आवळा. त्यानंतर दर महिन्याला जोडांवरून बोट फिरवा. रंगाला जिथे केसासारखी रेघ दिसेल तिथे खाली तडा आहे असे समजा.

टपाला भोके पाडू देऊ नका. त्यातून पाणी झिरपते, पत्रा कुजतो आणि त्या पातळ पत्र्यात बोल्ट काहीच धरून ठेवत नाही. आणि कॅरिअर थेट बॉडीला वेल्ड करून घेणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. मिस्त्री म्हणतो, "एकदाचे पक्के होऊन जाईल." पक्के होते ते कायद्याचे लचांड. त्याबद्दल पुढे.

हे सगळे केले तरी एक गोष्ट बदलत नाही. कॅरिअर बळकट केल्याने टप बळकट होत नाही. पुस्तिकेतला ७५ हा ७५ च राहतो. कॅरिअर मोडायचे थांबेल, एवढेच.

बांधण्याबद्दल थोडे. जोराचा ब्रेक लागतो तेव्हा ओझे आपल्या वजनाच्या १० पैकी ८ हिश्श्यांएवढ्या जोराने पुढे झेपावते, वळणावर निम्म्याएवढ्या जोराने बाजूला. ओझे बांधण्याचे परदेशी नियम हेच प्रमाण धरतात. ४५ किलोच्या पोत्याला म्हणजे पुढच्या बाजूने ३६ किलोंचा झटका सोसेल असा बंद हवा. सुतळी चालणार नाही. नायलॉनचा दोर भिजला की ताणतो आणि सैल पडतो, म्हणून वाटेत एकदा थांबून आवळा. खटक्याचा पट्टा असेल तर उत्तम. बंद खालच्या चौकटीला बांधा, कठड्याला नाही. वीस फुटी पाइप जीपच्या टपावर नेऊच नयेत. चार मीटरच्या गाडीवर सहा मीटरचा पाइप म्हणजे पुढेमागे मीटर-मीटर भाला.

दंड कोणाला?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीत लिहिलेले गाडीचे रूप मालकाने मनाने बदलू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कडक शब्दांत सांगितले, कंपनीने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओझे ठरलेल्या मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीला गेले तर २०,००० रुपये, शिवाय माल तिथेच उतरवा. म्हणून कॅरिअर बोल्टने बसवलेले, काढता येणारे, शक्यतो कंपनीच्या विक्रेत्याकडचे घ्यावे आणि पावती गाडीत ठेवावी. अपघात झाला की विमा कंपनी पहिले बोट अशा बदलांवरच ठेवते.

कायदा आम्हाला मान्य आहे. पण हा कायदा रस्त्यावर कोणाला अडवतो ते पाहा. ज्याने आकडा विचारला त्याला. ज्याने आकडा सांगितला नाही तो दुकानात पंख्याखाली बसलेला आहे. विक्रेत्यालाही दंड करणारे वाक्य त्या दुरुस्तीत आहे, लाख रुपयांचे आहे, पण ते सरकारने जाहीर केलेल्या महत्त्वाच्या सुरक्षा भागांपुरते. भार न सांगता कॅरिअर विकणाऱ्यासाठी त्यात ओळ नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम छापले नाहीत तर वजनमापवाला दुकानदाराला पकडतो. माणसांच्या डोक्यावर बसवायच्या लोखंडावर किलो छापायला नकोत?

मोठ्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांचेही तसेच. जाहिरातीत गाडी डोंगरावर उभी, टपावर सामान रचलेले, शेजारी हसरे कुटुंब. त्या चित्राखाली टपाचा भार का छापत नाही? ३० किंवा ५० किलो छापले तर चित्रातले सामान उतरवावे लागेल म्हणून?

आणि जीपमागे ओढायची छोटी ट्रॉली, नोंदणीच्या कागदांसकट, तालुक्याच्या बाजारात कुठे विकत मिळते ते कोणी दाखवावे. डार्लिंग डाउन्सचा शेतकरी टपावर पोती रचत बसत नाही. त्याच्याकडे मागे उघडा हौदा असलेली गाडी असते, नाहीतर मागे ट्रॉली. ओझे चाकांवर जाते, डोक्यावर नाही. ते आपल्याला मिळत नाही म्हणून आपण टप वापरतो, आणि टप वापरला म्हणून दंड भरतो.

आता एक गोष्ट आपसांतली, सरकारला बाजूला ठेवून. वेचणीच्या दिवसांत आत जागा नसली की पोरे आणि बाप्ये टपावर बसतात. काळी-पिवळी असो की घरची गाडी. लग्नाच्या वऱ्हाडात तर टपावर बसणे हा मान समजला जातो. कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे टपावर बसणारा आणि बसवणारा दोघेही गुन्हेगार आहेत, पण ते राहू द्या. एक जवान माणूस ६५ किलोंचा. चार बसले की २६०. वरचा हिशेब २०० किलोंचा होता, आणि पोते निदान वळणावर स्वतःहून झुकत नाही. पोत्याला आपण दोराने बांधतो. माणसाला कशाने बांधतो? मजुरीला येणाऱ्या बायांना दोन खेपांत आणणे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने त्या बायांपैकी एकीचा नवरा टपावर बसवून आपण खाली बसावे काय, याचे उत्तर बैठकीत सगळ्यांसमोर द्यावे.

मागण्या थोड्या आहेत. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅरिअरवर ठोकलेली पत्र्याची पट्टी हवी, तिच्यावर कॅरिअरचे वजन, पाइपची जाडी आणि चालत्या गाडीतला भार, मराठीत. प्रत्येक गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला, टायरच्या हवेचा आकडा लिहितात तिथेच, टपाचा भार. जीपमागच्या छोट्या ट्रॉलीला सोपी नोंदणी. यासाठी कोणाला अनुदान द्यायचे नाही, कोणाचे कर्ज माफ करायचे नाही. फक्त आकडा लिहायचा आहे.

तोवर आपणच मोजू. येत्या जिल्हा बैठकीला ज्या गाड्या येतील त्यांची कॅरिअरे सकाळी उतरवून पोत्याच्या काट्यावर ठेवायची. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलो कळत नाहीत, म्हणून तो नको. गाडीचे नाव, पुस्तिकेतला भार, कॅरिअरचे वजन आणि पाइपची जाडी, अशा चार रकान्यांचा तक्ता फळ्यावर मांडू आणि पुढच्या अंकात छापू. दुकानाचे नाव छापायचे की नाही ते बैठक ठरवील. येताना गाडीची पुस्तिका घेऊन यावे, आणि १३ व १७ नंबरचे पाने सोबत आणावेत. गंजलेल्या नटांसाठी आदल्या रात्रीच थोडे तेल सोडून ठेवावे.